खेड्यातल्या चर्चमधलं लाकडी कोरीवकाम नेमकं कुणाचं? (यॉर्कशायर डेल्स)

देवदारू
लीड्सला राहायला आल्यापासून सुट्टीत यॉर्कशायर डेल्समध्ये हिंडणं होतं. इथल्या खेड्यांतली चर्चं बहुधा दिवसभर उघडी असतात, आत कुणी नसतं आणि दाराजवळ माहितीपत्रकं ठेवलेली असतात. लाकडी सामानाबद्दल त्यांत दोनच गोष्टी फिरून फिरून वाचायला मिळतात. काम जुनं असेल तर ‘मठ बंद झाल्यावर तिथून आणलेलं, रिपनच्या कारागिरांचं’. विसाव्या शतकातलं असेल तर ‘माउसमॅनचं’, म्हणजे किलबर्नच्या रॉबर्ट थॉम्पसन या सुताराचं. कधी हे खरं असतं, पण कितीदा तरी त्यामागे ऐकीव माहितीपलीकडे काही नसतं. मोठं नाव एकदा चिकटलं की ज्यानं ते काम खरोखर केलं तो माणूस कायमचा पुसला जातो, म्हणून मला या घाईचा राग येतो. यावर इथे नीट चर्चा व्हावी असं वाटलं.

उदाहरण म्हणून हबरहोम घेतो. व्हार्फ नदीच्या अगदी वरच्या खोऱ्यात, लँगस्ट्रॉथडेलमध्ये, पुलाच्या अलीकडे एक खानावळ आणि पलीकडे सेंट मायकलचं बुटकं, जाड भिंतींचं चर्च. वस्ती जेमतेम मूठभर घरांची. पण या एका इमारतीत वर सांगितलेले दोन्ही प्रश्न समोरासमोर उभे आहेत.

पहिला प्रश्न सज्ज्याचा. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चमध्ये सभामंडप आणि गाभारा यांच्यामध्ये कोरीव जाळीची लाकडी आडभिंत असायची, तिच्या माथ्यावर अरुंद सज्जा, आणि तिथे क्रूसावरचा ख्रिस्त, एका अंगाला मेरी, दुसऱ्या अंगाला जॉन. धर्मसुधारणेच्या काळात (सोळाव्या शतकात इंग्लंड पोपपासून तुटलं आणि राजाने मठ बंद केले तेव्हा) या मूर्ती काढल्या गेल्या. एलिझाबेथ राणीच्या राजवटीत, १५६१ साली, सज्जेही उतरवायचा हुकूम निघाला. अख्ख्या यॉर्कशायरमध्ये असे दोनच सज्जे वाचले: समुद्रकाठच्या फ्लॅम्बरोला एक आणि हबरहोमला एक. हबरहोमच्या सज्ज्यावर लॅटिनमध्ये चक्क १५५८ हे साल आणि विल्यम जेक हे नाव कोरलेलं आहे. तरीही सांगितलं जातं की हा सज्जा कव्हरहॅमच्या मठातून आला.

आता कव्हरहॅमचा मठ बंद झाला १५३६ मध्ये. मधली बावीस वर्षं हे लाकूड कुठे होतं? उलट १५५८ हे वर्ष बघा. मेरी राणीच्या राज्याचं हे शेवटचं वर्ष, ती त्याच नोव्हेंबरात गेली. तिच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत जुना कॅथलिक धर्म परत आणला गेला आणि गावोगावच्या चर्चांना उतरवलेले क्रूस पुन्हा उभे करायला सांगितलं गेलं. म्हणजे नवा सज्जा करून घ्यायला ते अगदी योग्य वर्ष होतं. लाकडावर साल आहे, कारागिराचं नाव आहे, इतिहासाशी मेळ आहे. मग मठ कशाला हवा? मला तरी वाटतं, विल्यम जेक नावाच्या कुणा सुतारापेक्षा मठाची गोष्ट ऐकायला भारदस्त वाटते, एवढंच.

दुसरा प्रश्न बाकांचा. ओकची ही बाकं आणि गायकवृंदाची आसनं किलबर्नच्या रॉबर्ट थॉम्पसन यांच्या कारखान्याने १९३४ मध्ये केली. बाकाच्या टोकाच्या फळीवर कुठेतरी एक उंदीर असतो. अंगठ्याएवढा, कान मागे टाकलेला, लाकडावरून वर चढत असल्यासारखा. आलेली मुलं ते उंदीर शोधत फिरतात. ही थॉम्पसनांची सही, म्हणून त्यांना माउसमॅन म्हणतात. इथे वाद नाही असं वाटेल. पण ‘रॉबर्ट थॉम्पसन यांनी कोरलं’ आणि ‘थॉम्पसनांच्या कारखान्यात झालं’ यांत फरक आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. आधी तुम्ही बोला.

शंकेखोर
उत्तम धागा. पण एक शंका. सज्ज्यावर १५५८ कोरलंय म्हणून तो १५५८चा, हे कसं? जुना सज्जा मठातून आणून उभा केला आणि जोडणाऱ्या सुताराने स्वतःचं नाव नि साल कोरलं, असंही झालं असेल. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या पाट्या नसतात का देवळावर? पाटी जीर्णोद्धाराची, देऊळ चारशे वर्षं आधीचं.

देवदारू
रास्त शंका आहे. लेख असलेली तुळई बाकीच्या कामाशी एकजीव आहे का, हे त्यासाठी बघावं लागतं. कुसू (खाचेत बसणारं टोक) आणि खाच एकाच मापाची आहे का, रिकाम्या पडलेल्या जुन्या खाचा दिसतात का, कोरलेली पट्टी मध्येच कापून टोकं जुळवली आहेत का. हलवून आणलेलं लाकूड सहसा स्वतःच सांगतं, कारण एका जागेच्या मापाचं काम दुसऱ्या रुंदीच्या चर्चमध्ये बसवताना कुठेतरी काटछाट होतेच.

मठातून आलेलं काम सिद्ध कसं होतं हे बघायचं असेल तर शेजारच्या वेन्झलीडेलमध्ये एसगार्थला जावं. तिथल्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये पाद्रीसाहेबांचं जे आसन आहे त्याच्या टोकाच्या फळ्यांवर डब्ल्यू आणि एच ही अक्षरं आहेत, एक हेझलचं झाड आहे आणि एक पिंप. हेझल आणि पिंप (जुन्या इंग्रजीत टन) मिळून हेसल्टन, म्हणजे जर्व्हो मठाचे महंत विल्यम हेसलिंग्टन यांच्या नावाचं चित्रकोडं. जर्व्हो मठ १५३७ मध्ये गेला, शेवटच्या महंताला राजाविरुद्धच्या बंडात सामील असल्याबद्दल फाशी झाली. मठ तिथून थोड्याच मैलांवर. इथे मी बेधडक ‘जर्व्होहून आलेलं’ म्हणेन, कारण मालकाची खूण लाकडातच आहे. हबरहोमला कव्हरहॅमच्या बाजूने एवढं बोलणारं काही मी पाहिलेलं नाही.

सागवान_रत्नागिरी
आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे म्हणून लिहितो. नक्षी बघून काळ ठरवू नये, नक्षीची नक्कल कुणीही चांगला कारागीर करतो. सामानाची पाठ बघावी. दर्शनी बाजू सगळे सजवतात, मागची बाजू कुणी लपवत नाही.

फळीच्या मागे करवतीच्या खुणा बघा. दोघांनी वर-खाली ओढलेल्या मोठ्या करवतीच्या रेघा सरळ पण कमीजास्त तिरक्या पडतात, कारण हात थकतो. कमानदार, एकाच गोलाईच्या रेघा दिसल्या तर ते गोल पात्याच्या यंत्राचं काम, म्हणजे एकोणिसावं शतक किंवा नंतरचं. ओकच्या जुन्या पातळ फळ्या बरेचदा करवतीने कापलेल्या नसतातच, पाचर मारून फोडलेल्या असतात. मग एक कड जाड आणि दुसरी बारीक राहते. बोट फिरवलं की कळतं. स्क्रू असेल तर टोक बघा: बोथट टोकाचा, हाताने कानस मारलेला स्क्रू जुना, टोकदार स्क्रू १८५० च्या सुमारानंतरचा. अर्थात स्क्रू नंतरच्या दुरुस्तीतही आलेला असतो, म्हणून त्याचं भोक किती वेळा वापरलंय तेही बघावं.

आणि माउसमॅनच्या टेबलांचे फोटो मी पाहिलेत. पृष्ठभागावर वाकसाने तासल्याच्या बारीक लाटा असतात, पाण्यावर वारा आल्यासारख्या. लोकांना वाटतं हे फार जुनं तंत्र. वाकस जुनाच, पण जुना सुतार वाकसाने फक्त लाकूड मापात आणायचा आणि दिसणारी बाजू रंधा मारून साफ करायचा. वाकसाचा घाव मुद्दाम दिसू देणं ही हल्लीची आवड आहे. तेव्हा दर्शनी भागावर एकसारख्या लाटा दिसल्या तर मी ते काम विसाव्या शतकातलं समजेन.

देवदारू
सागवानदादा, तुमचा प्रतिसाद प्रत्येक चर्चच्या दारावर लावावा असा आहे. लाटांबद्दल अगदी बरोबर. थॉम्पसन १८७६ साली जन्मले, वडील किलबर्न गावचे सुतार. मुलाला क्लेकहीटनला यंत्रकामाच्या उमेदवारीला पाठवलं होतं, ते त्याला मुळीच आवडलं नाही. जाता-येताना रिपनला थांबून तो कॅथीड्रलमधलं पंधराव्या शतकातलं कोरीवकाम बघायचा. पुढे घरी परतून वडिलांच्या धंद्यात शिरला आणि आपणही ओकमध्ये तसं काम करायचं हे ठरवून टाकलं. म्हणजे सुरुवातीला मी ज्या दोन गोष्टी सांगितल्या, रिपनचे कारागीर आणि माउसमॅन, त्या एकमेकांशी जोडलेल्या आहेत. नवा कारागीर जुन्याचं बघून शिकला, त्यामुळे दोघांच्या कामात साम्य दिसणारच.

रिपन कॅथीड्रलमधली गायकवृंदाची आसनं १४८९ ते १४९४ या काळातली, विल्यम ब्रॉमफ्लेट या कारागिराच्या नावाशी जोडली जातात. आसनाची फळी उचलली की खाली उभ्याने टेकायला छोटा कठडा असतो आणि त्याखाली चित्रं कोरलेली असतात. बायबलमधल्या योनाला माशाच्या तोंडात टाकताहेत, गाझाच्या वेशीचे दरवाजे खांद्यावर घेऊन सॅमसन निघालाय. नंतर बेव्हर्लीला १५२० मध्ये अशी ६८ आसनं झाली, मँचेस्टरलाही झाली, आणि सारखेपणा बघून अभ्यासकांनी ‘रिपन घराणं’ अशी कल्पना मांडली. तिथून पुढे यॉर्कशायरमधल्या प्रत्येक बऱ्या जुन्या आडभिंतीला रिपनचं नाव लागलं, अगदी फ्लॅम्बरोच्या सज्ज्यालासुद्धा.

इथे एक मोठी अडचण आहे. रिपनच्या योना आणि सॅमसनच्या रचना ‘गरिबांचं बायबल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रपुस्तिकेतून घेतलेल्या आहेत. ही छापील चित्रं युरोपभर फिरत होती आणि कारागीर ती समोर ठेवून कोरायचे. मग दोन चर्चांत तोच सॅमसन त्याच पोझमध्ये दिसला तर दोन्ही कामं एका हाताची कशी ठरतात? दोघांकडे एकच छापील पान होतं, एवढंच ठरतं. हात ओळखायचा तर चित्र सोडून कडेच्या बिनमहत्त्वाच्या जागा बघाव्या लागतात. पानाची शीर कशी काढली आहे, बोटांच्या पेरांना घडी कशी घातली आहे, पार्श्वभूमी किती खोल खणली आहे. तिथे कारागीर नमुना बघत नाही, सवयीने हात चालवतो.

शंकेखोर
ही बारीक जागांची पद्धत चित्रकलेत वापरतात हे माहीत होतं. लाकडात चालते?

देवदारू
चालते, पण जपून. एका कारखान्यात शिकलेले पाच जण पानाची शीर सारखीच काढतात. म्हणून या पद्धतीने तुम्ही फार तर कारखान्यापर्यंत पोचता. माणसापर्यंत पोचायला कागद लागतो.

उंबरठा
मी प्लिमथला असते. इथली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण नाव लावण्याच्या या घोळात बायका कशा गायब होतात ते इथे दिसतं.

डेव्हनमधल्या एर्मिंग्टन गावच्या पाद्र्यांचं आडनाव पिनविल. ते १८८० साली तिथे आले. चर्चची पार दुरवस्था झाली होती, जीर्णोद्धाराचं काम वास्तुकार जे. डी. सेडिंग यांच्याकडे गेलं आणि कोरीवकाम करणारे कारागीर गावात येऊन राहिले. पाद्रीणबाईंनी ठरवलं की मुली रिकाम्या बसण्यापेक्षा त्या कारागिरांकडून काम शिकतील. घरात मुली सात. त्यातल्या मेरी, एथेल आणि व्हायोलेट या तिघी पटाशी हातात घेऊन पक्क्या तयार झाल्या. एर्मिंग्टनचा लाकडी प्रवचनमंच त्यांच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी. मग त्यांनी धंदा काढला, आणि नाव दिलं ‘रॅशली, पिनविल अँड कंपनी’. कागदावर वाचणाऱ्याला वाटावं दोन पुरुष भागीदार आहेत. पुढे मेरीचं लग्न झालं, एथेल दुसरीकडे गेली आणि व्हायोलेटने प्लिमथमध्ये एकटीने हा कारखाना चालवला, १९५७ मध्ये वारली तोवर. डेव्हन आणि कॉर्नवॉलमधल्या शंभराहून जास्त चर्चांत यांचं काम आहे.

आता नाव लावायची भानगड बघा. बरीच कामं सेडिंग यांचा पुतण्या एडमंड याच्या आराखड्यांवर झाली. पत्रकात वास्तुकाराचं नाव येतं, देणगीदाराचं तर पितळी पाटीवर येतं, आणि जिने महिनोन्‌महिने ओक कोरला तिचं कुठेच नाही. आणखी एक प्रकार लू ट्रेंचर्डला आहे. तिथले पाद्री सॅबिन बेअरिंग-गूल्ड यांना आपल्या चर्चची नाहीशी झालेली जुनी आडभिंत परत हवी होती. उरलेले तुकडे आणि एक जुनं चित्र यांच्या आधारे पिनविल बहिणींनी ती पुन्हा घडवली. अनोळखी माणूस आत शिरला तर पंधराव्या-सोळाव्या शतकातली आडभिंत म्हणून खुशाल फोटो काढून जाईल.

मी तर म्हणते, प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने हवेत. आराखडा कुणाचा, कारखाना कुणाचा, हात कुणाचा. तिसरा रकाना बहुतेकदा कोरा राहील, तर राहू दे. कोरा रकाना बघून कुणीतरी शोधायला तरी लागेल.

देवदारू
उंबरठाताई, तीन रकान्यांना माझा पूर्ण पाठिंबा. आता थॉम्पसनांच्या उंदराबद्दल राहिलेलं लिहितो, कारण नेमका हाच मुद्दा आहे.

थॉम्पसनांनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी: एका चर्चच्या आडभिंतीसाठी काम चालू असताना सोबतचा कारागीर आपण सगळे चर्चच्या उंदरासारखे गरीब, असं काहीतरी म्हणाला, आणि त्यांनी तिथेच एक उंदीर कोरला. ही साधारण १९१९ची गोष्ट. त्याच सुमाराला ॲम्पलफर्थच्या मठातल्या फादर पॉल नेव्हिल यांनी त्यांना ओकचा मोठा क्रूस करायला दिला आणि तिथून कामांचा ओघ सुरू झाला. पुढे उंदीर ही कारखान्याची खूण झाली. थॉम्पसन १९५५ मध्ये गेले, कारखाना त्यांच्या वंशजांनी चालू ठेवला आणि आजही किलबर्नमध्ये उंदीर कोरले जातात. प्रत्येक कारागीर आपापला उंदीर कोरतो, त्यामुळे कानांची ठेवण, शेपटीचं वळण, पाठीची गोलाई यांत फरक दिसतो.

थोडक्यात, उंदरावरून कारखाना ओळखता येतो. काळाचा अंदाज थोडासाच येतो: सुरुवातीच्या उंदरांना पुढचे पाय असत, ते मोडायचे, म्हणून १९३० च्या दशकात ते सोडून दिले. तेव्हा पुढचे पाय असलेला उंदीर सहसा जुना. पाय नसलेला १९४० चाही असेल आणि गेल्या वर्षीचाही. आणि कोरणारा कोण हे तर उंदीर सांगतच नाही.

खोटा उंदीर ओळखायची खूण मात्र पक्की आहे. खरा उंदीर त्याच फळीतून कोरून काढलेला असतो, म्हणजे लाकडाच्या रेषा फळीतून उंदराच्या पाठीवर सलग जातात. वेगळा कोरून डिंकाने चिकटवला असेल तर तिथे रेषा तुटतात.

हॅरोगेटकर
वाचूनच सरसावून बसलो! आमच्या गावच्या चर्चमध्ये मी साफसफाईच्या गटात आहे. तिथे बायबल ठेवायचं एक ओकचं उभं पुस्तकपीठ आहे. दर्शनी बाजूला द्राक्षवेल, पायाजवळ वाकसाच्या लाटा. पत्रकात छापलंय ‘रॉबर्ट थॉम्पसन यांची कलाकृती’. उंदीर कुठेच नाही. जुनी मंडळी म्हणतात, तो झिजला असेल. कसं ठरवायचं?

सागवान_रत्नागिरी
ओकचा उंदीर शंभर वर्षांत झिजून नाहीसा होत नाही हो. कापून काढला असेल तर तिथली जागा बाजूच्या लाटांपेक्षा सपाट दिसेल. विजेरी तिरकी धरून बघा, समोरून प्रकाश टाकू नका. आणि परवानगी घेऊन दोघांनी मिळून आडवं करा, तळ बघा. पेन्सिलीने केलेल्या खुणा, आकडे, कधी कधी सुताराची अक्षरं तळाला राहतात. आमच्याकडेही पाटाखाली असतात.

देवदारू
उंदीर नाही म्हणजे थॉम्पसन नाही, असं लगेच म्हणू नका. १९१९च्या आधीच्या कामावर उंदीर असायचं कारणच नाही. पण वाकसाच्या लाटा म्हणजे थॉम्पसन, हेही खरं नाही. त्या भागात त्यांच्यासारखं काम करणारे कितीतरी झाले, काही त्यांच्याच कारखान्यात शिकून बाहेर पडलेले, आणि प्रत्येकाने आपला प्राणी निवडला. विल्फ हचिन्सन यांची खार, कॉलिन अल्मॅक यांचा बीव्हर, पीटर हीप यांचा ससा, टॉम व्हिटेकर यांचा टोपीवाला बुटका. तेव्हा दुसरा कुठला प्राणी लपलाय का तेही बघा.

पण खरं उत्तर कागदांत मिळेल. इंग्लंडच्या चर्चमध्ये जवळपास कुठलीही वस्तू बसवायची, काढायची, हलवायची तर धर्मप्रांताच्या न्यायालयाची परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. त्या अर्जासोबत बहुधा आराखडा असतो, खर्च असतो आणि काम कुणाला दिलंय तेही असतं. यॉर्क धर्मप्रांताची जुनी कागदपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संग्रहात आहेत. तुमच्या भागातल्या चर्चांची जुनी वह्या-दप्तरं नॉर्थॲलर्टनच्या जिल्हा अभिलेखागारात असण्याचा संभव आहे. आधी चर्चच्याच कपाटात बघा: चर्च समितीची इतिवृत्तं, हिशेबाच्या वह्या, देणगीच्या पावत्या. ‘स्मरणार्थ’ म्हणून दिलेली वस्तू असेल तर पितळी पाटीवरच्या तारखेच्या आगेमागे दोन वर्षं चाळा.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहितोय. तुमच्याकडे निदान इतिवृत्तं आहेत याचा हेवा वाटला.

आमच्याकडे खेड्यापाड्यांतल्या चर्चांत सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी वेद्या आहेत, प्रवचनमंच आहेत. काही मंचांच्या तळाशी नागिणीसारख्या, कमरेखाली वेटोळं असलेल्या स्त्रिया मंच पेलून धरतात, कडेला कमळं, केळफुलं. बघणाऱ्याला लगेच कळतं की हा हात इथल्या मातीतला आहे. आणि नाव? ‘पोर्तुगीज काळातलं’ एवढंच. १५६७ मध्ये गोव्यात जी धर्मपरिषद भरली तिने ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांना चर्चच्या मूर्ती, चित्रं करायला देऊ नका असा ठराव केला. काम त्यांना दिलं जात होतं म्हणूनच हा ठराव करावा लागला ना? म्हणजे ज्यांनी केलं त्यांचं नाव लिहिणं हाच तेव्हा गुन्हा कबूल करण्यासारखा प्रकार. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, तिथे लाकडी आणि हस्तिदंती मूर्तींपुढे उभं राहिलं की हे फार जाणवतं. इंग्लंडमध्ये नाव शोधता येतंय तर कृपा करून शोधा.

शंकेखोर
सगळं पटतंय, तरी एक विचारतो. गावच्या चर्चमधलं पुस्तकपीठ थॉम्पसनचं की दुसऱ्या कुणाचं, याने रविवारच्या प्रार्थनेला येणाऱ्या वीस माणसांना काय फरक पडतो?

देवदारू
पैशाचा फरक पडतो, तो आधी सांगतो. उंदीरवाल्या सामानाला लिलावात चांगली किंमत येते, म्हणून चोऱ्याही होतात. चोरी झाली की पोलिसांना आणि विमा कंपनीला वस्तूचं नेमकं वर्णन, मापं आणि फोटो लागतात. ‘जुनं, सुंदर, बहुधा माउसमॅन’ या वर्णनावर काही परत मिळत नाही. दुरुस्तीचंही तसंच. मठातलं सोळाव्या शतकातलं लाकूड समजून कुणी १९१० च्या फळीची देखभाल केली तर फार बिघडत नाही, उलटं झालं तर खरं जुनं लाकूड पॉलिश फासून खराब करतात.

पण माझ्यासाठी मांडवीकाठ यांनी लिहिलेलं कारण मोठं आहे. विल्यम जेकने स्वतःचं नाव तुळईत खोदून ठेवलं आणि तरी आपण त्याचं काम मठाच्या नावावर टाकतो. नाव खोदलेल्याची ही गत, तर ज्यांनी खोदलं नाही त्यांचं काय?

शंकेखोर
मान्य. एक तांत्रिक प्रश्न: लाकडाच्या वलयांवरून वर्ष ठरवतात ते इथे का करत नाहीत?

देवदारू
करतात, पण लहान सामानाला ते नेहमी जमत नाही. ओकची वर्षवलयं जाड-बारीक होत जातात, तो क्रम त्या प्रदेशाच्या ठरलेल्या क्रमाशी जुळवायचा. त्यासाठी सलग पन्नासेक वलयं तरी दिसायला हवीत. झाडाच्या सालीलगतचं कोवळं लाकूड शिल्लक असेल तर झाड तोडलं कधी ते जवळपास अचूक निघतं. सुतार मात्र तेच आधी तासून टाकतो, कारण त्याला कीड लागते. मग फक्त ‘या सालानंतर’ एवढं कळतं. शिवाय मध्ययुगात बाल्टिक प्रदेशातला ओक इंग्लंडला येत असे, तेव्हा कुठल्या प्रदेशाच्या क्रमाशी जुळवायचं तेही ठरवावं लागतं. आणि सगळं जुळलं तरी कळतो तो झाडाचा काळ. कारागिराचं नाव वलयांत नसतं. सज्ज्यासारख्या मोठ्या तुळयांना ही पद्धत उत्तम, पुस्तकपीठाला तिच्या मागे लागू नये.

हॅरोगेटकर
मंडळी, परत आलो. पाद्रीसाहेबांची परवानगी घेऊन आम्ही दोघांनी पीठ आडवं केलं. तळाला पेन्सिलीने ‘पूर्व बाजू’ अशा अर्थाचे शब्द आणि एक माप, बाकी काही नाही. मागची फळी बघितली तर गोल करवतीच्या कमानी स्पष्ट. सपाट केलेली जागा कुठेही नाही, प्राणी कुठेही नाही.

मग कपाट उघडलं. १९५० च्या दशकातल्या इतिवृत्तात नोंद सापडली: युद्धात गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ आईने दिलेल्या पैशांतून पुस्तकपीठ, वास्तुकाराच्या आराखड्याप्रमाणे, बाजारगावातल्या एका सुतारकारखान्याकडून. कारखान्याचं नावही आहे. त्या वहीत थॉम्पसनांचा उल्लेख दोन पानं पुढे आहे, पण तो दुसऱ्याच गोष्टीसाठी: वेदीसमोरच्या कठड्यासाठी त्यांच्याकडून दर मागवला आणि महाग म्हणून नाकारला. बहुधा तिथूनच नाव तोंडी राहिलं असावं. सगळ्या वह्यांचे फोटो काढून ठेवलेत. आता पत्रकात काय लिहू?

उंबरठा
वा! आईचं नाव पाटीवर आहे का? नसेल तर तेही लिहा.

देवदारू
फार छान काम केलंत. पत्रकासाठी मी असं सुचवेन: ‘पुस्तकपीठ, ओक, १९५० चं दशक. आराखडा: (वास्तुकाराचं नाव). काम: (कारखान्याचं नाव, गाव). कोरणाऱ्याचं नाव नोंदलेलं नाही. आधार: चर्च समितीचं इतिवृत्त, अमुक तारीख.’ देणगीची हकीकत खाली एका ओळीत, कुटुंबाला विचारून.

पुढची पायरी म्हणजे धर्मप्रांताच्या कार्यालयात फॅकल्टीचा अर्ज मागवा, त्यात मूळ आराखडा असेल. आराखड्यातली द्राक्षवेल आणि प्रत्यक्षातली वेल शेजारी ठेवून फोटो टाका. वास्तुकाराने किती पानं काढली होती आणि कारागिराने स्वतःच्या मनाने किती वाढवली, ते बघायची मला उत्सुकता आहे. आणि त्या गावात जुन्या कारखान्यातलं कुणी हयात असेल तर आधी त्यांना भेटा, अभिलेखागार नंतरही उघडंच राहील.

सागवान_रत्नागिरी
फोटो टाकताना वेलीच्या देठापाशी जवळून एक घ्या. पटाशी उजव्या हाताची होती की डाव्या, ते कापाच्या तिरकेपणावरून सांगायचा प्रयत्न करतो.